"मॅडम, अळीले कसं समजलं?" - उत्क्रांती आणि हवामानबदल शाळेत कसं शिकवायचं?

पऱ्हाटी | १८ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथलं नुसतं वाचतच होते, पहिल्यांदा धागा काढतेय.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. इतकी वर्षं मी तो पुस्तकात आहे तसाच शिकवत आले, जिराफाची मान, डार्विन, अवशेषांगं, मानवाचा प्रवास, झालं. मुलं पाठ करून मार्क मिळवतात आणि विसरतात.

यावर्षी म्हटलं आपल्याच शिवारातून सुरुवात करू. वर्गात जवळजवळ सगळ्यांच्या घरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आहे. फळ्यावर लिहिलं, २००२ ला बीटी (बोंडअळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली कपाशी) आली, २००६ ला दोन जनुकांची बीजी-२ आली, २०१० ला गुजरातमधे गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाल्याचं नक्की झालं, आणि २०१७ ला आपल्या विदर्भात बीजी-२ ची बोंडं फोडली की आत अळी. २०१७ म्हटल्याबरोबर वर्ग शांत झाला. तेव्हा ही पोरं सात-आठ वर्षांची असतील, पण घरात त्या साली काय झालं ते सगळ्यांना माहितेय.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, एरवी तोंड उघडत नाही तो. म्हणे, "मॅडम, पण अळीले कसं समजलं का आता हे औषध पचवाचं हाय?"

कोणी हसलं नाही कारण सगळ्यांच्या मनात तेच होतं. घरीदारी आपण सगळे असंच बोलतो ना, अळीला औषधाची सवय झाली, डास आता अगरबत्तीला ऐकत नाहीत. सवय झाली म्हटलं की असं वाटतं की तीच अळी शिकली, सुधारली, आणि पोरांनाही शिकवलं.

दुसऱ्या दिवशी मी घरून ज्वारी आणि उडीद नेले. ताटात ९८ दाणे ज्वारीचे, २ उडदाचे. उडीद म्हणजे ज्या अळ्यांवर बीटी चालत नाही त्या, आधीपासूनच होत्या, दोनच होत्या, कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. नियम असा की एका हंगामात ज्वारीच्या दहातला एकच दाणा वाचतो, उडदाला काही होत नाही, मग जे उरले त्यांची सारख्याच पटीत पिलावळ करून ताट परत शंभराच्या आसपास भरायचं.

पहिल्या हंगामानंतर उरले १० ज्वारी २ उडीद. आठ पट केले, ८० आणि १६. परत एक हंगाम, ८ आणि १६. चार पट, ३२ आणि ६४. परत एक हंगाम, ज्वारीचे ३ उरले आणि उडीद सगळेच्या सगळे ६४. तीनच हंगाम! ताट काळं झालं. तोच मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "अळीले काई समजलंच नाई मॅडम. जे पहिल्यापासून तशी होती थेच उरली."

बारा वर्षं शिकवतेय मी, पण नैसर्गिक निवड इतक्या सोप्या शब्दात मला स्वतःला कधी सांगता आली नव्हती. घरी येऊन मिस्टरांना सांगताना डोळ्यात पाणी आलं माझ्या.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. एक, तुमच्या भागात अशी कुठली उदाहरणं आहेत? आणि दोन, हवामानबदल असा हातात धरून कसा दाखवायचा? पुस्तकात आहे, पण पोरांना ते निबंधाचा विषय वाटतो, झाडे लावा झाडे जगवा लिहून मोकळे होतात.

---

खडूफळा | १८ ऑगस्ट, रात्री १०:२५

ताई, फार छान लिहिलंत. मी पुण्यात सीबीएसई शाळेत जीवशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. तुमचं वाचून आनंदही झाला आणि वाईटही वाटलं, कारण तुमच्या हातात जो धडा आहे तो आमच्या दहावीत आता नाही. आमच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात तो 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' होता, कोविडनंतर मुलांचं ओझं कमी करायचं म्हणून २०२२ मधे जी काटछाट झाली त्यात उत्क्रांती गेली आणि धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. जीवाश्म, मानवाची उत्क्रांती, सगळं गेलं. मूलद्रव्यांची आवर्तसारणी आणि ऊर्जास्रोतांचा धडाही त्याच काटछाटीत गेला. एप्रिल २०२३ मधे देशभरातल्या १८०० हून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी उत्क्रांती परत आणा म्हणून जाहीर पत्र काढलं होतं, सही करणारात टीआयएफआर, आयसर अशा मोठ्या विज्ञानसंस्थांमधली माणसं होती.

यावर नेहमी सांगितलं जातं की बारावीच्या जीवशास्त्रात आहे की. आहे, खरंय. पण बारावीला जीवशास्त्र घेतात किती? कॉमर्सला गेला, आर्ट्सला गेला, आयटीआयला गेला, डिप्लोमाला गेला त्याच्या आयुष्यात तो शब्द परत येतच नाही. आणि उद्या शेती तोच करणार आहे, औषधाचं दुकान तोच टाकणार आहे, डॉक्टरने दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स अर्धा सोडणाराही तोच.

दुसरं, तुमच्याच उदाहरणातून दिसतंय की आनुवंशिकता आणि उत्क्रांती हे दोन विषय तोडता येत नाहीत. रेफ्युजीचं पाकीट मुलांना सांगितलंत का? त्यात मेंडेलची आनुवंशिकता पण आहे आणि डार्विनची निवड पण.

---

पऱ्हाटी | १८ ऑगस्ट, रात्री ११:०५

सर, तेच मी उद्याच्या तासाला ठेवलंय!! ज्यांना माहित नाही त्यांच्यासाठी लिहिते. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमचं बिगर बीटीचं पाकीट यायचं, शेताच्या कडेनी लावायला. आमच्याकडे त्याला रेफ्युजी म्हणतात. बहुतेकांनी ते लावलंच नाही, कडेची तासं अळीला खायला कोण देईल, आणि का लावायचं हे सांगायला कोणी आलंच नाही बांधावर. आमच्या सासऱ्यांनी पण नाही लावलं.

आता त्याचं कारण बघा. अळीची बीटी पचवायची ताकद बहुतांशी अप्रभावी जनुकावर असते, म्हणजे आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आलं तरच अळी बीटीवर जगते. कडेच्या साध्या पऱ्हाटीवर भरपूर साधी पतंगं जन्माला येतात, बीटीतून वाचलेलं एखाददुसरं पतंग त्यांच्याशीच जुगतं, पिल्लांना एकच जनुक मिळतं आणि ती बीटीचं बोंड खाऊन मरतात. कडेची तासं नसली तर वाचलेल्याला वाचलेलाच जोडीदार मिळतो आणि मग सगळीच पिल्लं पक्की.

आणि यात अजून एक गोष्ट आहे जी मला स्वतःला हल्ली कळली. हिरव्या बोंडअळीवर बीटी इतकी वर्षं बऱ्यापैकी का टिकली? कारण ती तुरीवर पण जगते, हरभऱ्यावर पण जगते, म्हणजे शिवारात तिचं रेफ्युजी आपोआप लागलेलं आहे. गुलाबी मात्र जवळजवळ फक्त कपाशीवर. वर आपण फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) ठेवतो मार्च एप्रिलपर्यंत, तिला वर्षभर जेवायला ताट. सर म्हणाले तसं, नुसती आनुवंशिकता शिकवली तर मुलांना हे कळेल की जनुक आईबापाकडून येतं, पण शेत का गेलं हे नाही कळणार.

---

जिज्ञासू_आनंद | १९ ऑगस्ट, सकाळी ७:५०

चांगला धागा. मी विज्ञानाचा विरोधक नाही हे आधीच सांगतो, पण मनापासून विचारतो. अळीची अळीच राहिली ना? तिचं फुलपाखरू वेगळं झालं नाही, बेडूक झाली नाही. मग यावरून माकडाचा माणूस झाला हे कसं सिद्ध होतं? आणि झाला असेल तर आता जी माकडं आहेत त्यांचा का होत नाही. दुसरं, आपल्याकडे दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम आहेच, मग डार्विनच का शिकवायचा?

हवामानाचं पण तसंच, पृथ्वीचं हवामान लाखो वर्षं बदलतच आलंय असं वाचलंय.

---

खडूफळा | १९ ऑगस्ट, सकाळी १०:१५

आनंदजी, प्रश्न विचारलात ते बरं झालं, वर्गात मुलं हेच विचारतात आणि आपण गप्प बसवतो. २०१८ च्या जानेवारीत आपल्याच औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, डार्विन चुकीचा आहे. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून पत्रक काढून सांगितलं की याला शास्त्रीय आधार नाही. म्हणजे शंका लहान मुलांनाच असते असं नाही.

मी वर्गात भावकीचं उदाहरण द्यायचो. तुमचा चुलतभाऊ आहे, तो तुमचा बाप नाही, तुम्ही त्याच्यापासून झाला नाहीत, पण आजोबा एक. तुम्ही शहरात आलात, तो गावी राहिला, मग "चुलतभाऊ अजून गावीच कसा" हा प्रश्न पडत नाही ना आपल्याला? चिंपांझी आपली भावकी आहे. आपले आणि त्यांचे पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एकच होते, मग वाटण्या झाल्या. आजचं माकड आपला आजोबा नाही, भाऊबंद आहे.

दशावताराचं म्हणाल तर माझ्या घरी देव आहेत, मी वारीला गेलेला माणूस आहे, त्यामुळे अनादर म्हणून अजिबात सांगत नाहीये. दशावतार ही भक्तीची गोष्ट आहे, देव संकटात धावून येतो ही. बोंडअळी दहा वर्षात बीटी का पचवायला लागली, टीबीची औषधं का लागू पडेनात, हे तिच्यातून काढता येत नाही आणि काढायला जाऊही नये. भक्ती आणि विज्ञान, दोघांना आपापल्या जागी मान राहू द्या.

---

वरळी_सीफेस | १९ ऑगस्ट, दुपारी १:३०

फक्त एक भर. अळीची अळीच राहिली म्हणता, पण लांबचा काळ बघायचा तर आमच्या वरळीच्या टेकडीच्या दगडात बेडकांचे जीवाश्म सापडलेत, रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मधेच त्यांचं वर्णन केलं होतं, म्हणजे डार्विनचं पुस्तक यायच्या बारा वर्षं आधी. लाव्हाचे थर साचत असताना मधल्या काळात जी तळी झाली त्यातले हे बेडूक. नाव इंडोबॅट्रॅकस. सीलिंकवरून रोज जाणाऱ्या किती जणांना माहितेय?

पऱ्हाटीताई, तुमच्या तालुक्यात तर पिसदुरा आहे! डायनासोरच्या शेणाचे जीवाश्म मिळतात तिथे.

---

पऱ्हाटी | १९ ऑगस्ट, रात्री ९:१०

हो हो पिसदुरा आमचंच!! आणि त्या शेणाच्या दगडात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, २००५ मधे त्यावर पेपर आला. तोपर्यंत समज असा होता की गवतं डायनासोर गेल्यावर आली. आमच्या शिवारातल्या दगडाने तो बदलला. मी हे वर्गात सांगितलं तर एक मुलगी म्हणाली की आम्ही बैल पाण्यावर नेतो तिथं असे गोल दगड असतात. दिवाळीनंतर सहल नेणार आहे, दगड उचलून आणायचे नाहीत हे आधीच बजावलंय, फक्त बघायचे आणि चित्र काढायचं.

---

सह्यकडा | २० ऑगस्ट, सकाळी ८:२०

साताऱ्याचं उदाहरण. चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्याआधी गेलात तर सरड्याचे नर दगडावर बसून गळ्याची निळी-काळी-केशरी पंख्यासारखी झोळ फुगवताना दिसतात. या सरड्यांच्या नव्या वंशाला २०१६ मधे शास्त्रीय नावच 'सारडा' दिलंय, आपल्या मराठी सरड्यावरून, आणि त्यातल्या एका जातीचं नाव डार्विनवरून आहे. कुठल्या मादीनं कुणाला निवडलं यावर रंग ठरत गेले, हे लैंगिक निवडीचं इतकं देखणं उदाहरण दुसरं नाही.

त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे अभ्यास झालाय, २०१८ मधे छापून आला, पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले, आणि माणूस जवळ गेला तरी पूर्वीइतके घाबरेनासे झाले. ही लगेच उत्क्रांती म्हणता येणार नाही, पण निवडीचा दाब बदलला की काय काय हलतं ते मुलांना कळतं. आणि स्वच्छ ऊर्जा हवीच आहे, पण तिचीही किंमत कुणीतरी मोजतं हे पण त्यातच शिकवता येतं. मी माझ्या भाच्यांना नेऊन दाखवलं, धाकटा दोन तास एका दगडापाशी पालथा पडून होता.

---

पर्जन्यमापक | २० ऑगस्ट, रात्री १०:००

पऱ्हाटीताईंचा दुसरा प्रश्न मागे पडला म्हणून लिहितो. पुण्यात हवामानाच्या आकड्यांशी माझा रोजचा संबंध आहे.

आधी एक सावधगिरी. बऱ्याच शाळांत दोन बाटल्यांचा प्रयोग करतात, एकीत व्हिनेगर आणि खायचा सोडा घालून कार्बन डायऑक्साईड, दुसरीत साधी हवा, वर बल्ब, आणि गॅसवाली जास्त तापते म्हणून हरितगृह परिणाम सिद्ध. तो प्रयोग टाळा. एवढ्याश्या बाटलीत जो फरक पडतो तो मुख्यतः तो वायू जड आहे, हवेत नीट मिसळत नाही यामुळे पडतो. उत्तर बरोबर येतं पण कारण चुकीचं असतं, आणि हुशार मूल पुढे ते पकडतं आणि मग सगळ्यावरचाच विश्वास उडतो.

त्याऐवजी बुध आणि शुक्र घ्या. बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ, दिवसा ४३० अंशांपर्यंत तापतो पण रात्री उणे १८०. शुक्र त्याच्यापेक्षा लांब, तरी दिवसरात्र ४६० च्या वर. का? मुलं स्वतः म्हणतात, पांघरूण असणार. शुक्रावर कार्बन डायऑक्साईडची जाड गोधडी आहे. आपल्या पृथ्वीला पातळ गोधडी नसती तर सरासरी तापमान उणे १८ असतं, आहे म्हणून १५ च्या आसपास आहे. गोधडी वाईट नाही, आपण तिच्यावर थर चढवतोय हा प्रश्न आहे. हे काही कालचं खूळ नाही, युनिस फूट या बाईंनी १८५६ मधे काचेच्या नळ्या उन्हात ठेवून पाहिलं होतं की कार्बन डायऑक्साईडची नळी जास्त तापते. हवाईतल्या मौना लोआ या डोंगरावरच्या वेधशाळेत या वायूची १९५८ पासून सलग मोजणी आहे, तेव्हा दहा लाखात ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर.

आनंदजी, हवामान पूर्वीही बदललं हे अगदी खरं, पण दर वेळी काहीतरी कारण होतं, आणि आत्ताचं कारण तपासता येतं. सूर्यामुळे तापत असतं तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबराचा थर गार होतोय, ही गोधडीचीच खूण आहे.

आपल्याकडचं म्हणाल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मधे दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्यात. पाऊस एकूण तितकाच किंवा कमी, पण पडतो तो कोसळून पडतो. शाळेत साधं पर्जन्यमापक बसवा, दोनशे रुपयात होतं, मुलांनी रोज साडेआठला नोंद करायची. आणि आजीआजोबांना मृगाची पेरणी कधी व्हायची ते विचारून लिहून आणायला सांगा. आठवणी म्हणजे पुरावा नाही, पण आठवण आणि आकडे शेजारी ठेवले की पुरावा म्हणजे काय ते कळतं.

---

दर्यावर्दी | २१ ऑगस्ट, सकाळी ६:४५

श्रीवर्धनहून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा माझा मुलगा सातवीत होता. सकाळपर्यंत वाडी उभी होती, संध्याकाळी नारळ पोफळी सगळं आडवं. श्रीवर्धनी रोठा सुपारी म्हणजे आमची ओळख हो, आणि पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात. माझ्या वडिलांनी लावलेली झाडं होती ती. वडील पायरीवर बसून राहिले, दोन दिवस जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी मुलाला शाळेत जागतिक तापमानवाढ शिकवली, चित्र होतं बर्फावरच्या पांढऱ्या अस्वलाचं. त्याने घरी येऊन मला विचारलं, बाबा आपल्याकडे काय झालं ते पुस्तकात का नाही? मला उत्तर देता आलं नाही. एकाच वादळाला हवामानबदलामुळेच आलं असं म्हणता येत नाही ते मला कळतं, पण अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढलीत आणि जोरही वाढलाय हे आता शास्त्रज्ञ सांगतात, तर किनाऱ्यावरच्या पोराला ते त्याच्या वाडीतून सांगा ना.

---

एडिसनकर | २१ ऑगस्ट, रात्री ११:५५

दर्यावर्दी, वाचून गलबलून आलं. मी न्यू जर्सीत राहते. आमच्या राज्याने २०२० मधे ठरवलं आणि सप्टेंबर २०२२ पासून लागू केलं की हवामानबदल फक्त विज्ञानात नाही तर चित्रकला, पीटी, भाषा, समाजशास्त्र सगळीकडे यायचा, बालवाडीपासून बारावीपर्यंत. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं राज्य. जून २०२३ मधे कॅनडातल्या वणव्यांचा धूर येऊन आमचं आकाश भर दुपारी केशरी झालं होतं, मुलीच्या पीटीच्या बाईंनी मैदानात न नेता वर्गात हवेच्या गुणवत्तेचा आकडा कसा वाचायचा ते शिकवलं. तिला दमा आहे, आता ती सकाळी स्वतः बघते बाहेर खेळायचं का ते.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात डोव्हर गावच्या शाळेत उत्क्रांतीच्या जोडीला "बुद्धिमान रचना" (जीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले ही मांडणी) मुलांपुढे ठेवायचं ठरवलं होतं, पालकच कोर्टात गेले आणि २००५ मधे निकाल लागला की ते विज्ञान नाही, धर्म आहे, विज्ञानाच्या तासाला चालणार नाही. पालकांनी लक्ष घातलं म्हणून झालं ते. तिकडेही पालकसभेत हा विषय काढा, फी आणि गॅदरिंगच्या पलीकडे.

---

जिज्ञासू_आनंद | २२ ऑगस्ट, सकाळी ८:०५

भावकीचं उदाहरण पटलं. स्थितांबर गार होतंय हे मला खरंच माहित नव्हतं. माझी मुलगी सीबीएसईला नववीत आहे, पुढच्या वर्षी तिला हे पुस्तकात मिळणार नाही म्हणजे मलाच सांगावं लागेल. ज्वारी-उडदाचा खेळ रविवारी घरी करून बघतो. रेफ्युजीवाला भाग त्यात कसा घ्यायचा?

---

पऱ्हाटी | २२ ऑगस्ट, रात्री ९:३०

आनंददादा, सोपं आहे. एका अळीसाठी दाण्यांची जोडी घ्या, एक दाणा आईचा एक बापाचा. उडीद-उडीद जोडी जगते, बाकी कुठलीही जोडी बीटीच्या ताटात मरते. शेजारी एक छोटी वाटी ठेवा, ते रेफ्युजी, तिथे सगळ्या जोड्या जगतात. प्रत्येक हंगामात ताटातले वाचलेले आणि वाटीतले एकत्र करून डोळे मिटून नव्या जोड्या लावायच्या. वाटी काढून एकदा करा आणि वाटी ठेवून एकदा करा. मुलीला आधी अंदाज लिहायला सांगा, मग खेळा.

---

पऱ्हाटी | ५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

थोडं उशिरा कळवतेय, घटक चाचण्या होत्या. पर्जन्यमापक बसलं, शाळेच्या गच्चीवर. चार मुली रोज साडेआठला वर जातात, रविवारी पण, वॉचमनदादा किल्ली देतात.

आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या वावरात आम्ही कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावलेत. शिफारस अशी आहे की सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले तरच फवारणीचा विचार करायचा. त्याचे बाबा आधी नाही म्हणत होते, शेजाऱ्यांनी फवारलं की आपणही फवारायचं हा तिथला रिवाज, आणि २०१७ ला यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली ती धास्ती पण सगळ्यांच्या मनात आहेच. पोराने त्यांना ताट मांडून ज्वारी-उडीद दाखवले म्हणे, चुलीपाशी बसून.

सोमवारी ३ पतंग, मंगळवारी ५, बुधवारी ९, गुरुवारी ६, शुक्रवारी ८, काल ११. डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली फुलं) दिसतात का ते पण बघायला सांगितलंय. त्याने वहीत तारखेसमोर खडूसारखं ठळक लिहिलंय, आणि खाली लिहिलंय "उद्या पाहू".

आजचा आकडा अजून आला नाही. त्यांच्याकडे लाईट गेलीय, फोन लागत नाहीये.